ऐकायला आलेला माणूस

परेशने गाडी फेजोआच्या झाडांच्या उंच कुंपणाआड लावली, इंजिन बंद केलं आणि सीटवर जरा खाली सरकून बसला. समोरच्या लाकडी हॉलच्या पायऱ्यांवर त्याची आई उभी होती. मनोरमाबाईंनी एका हाताने कठडा धरला, दुसऱ्या हाताने साडीच्या निऱ्या सावरल्या आणि पायातल्या चपला काढून पायरीच्या कडेला नीट जोडून ठेवल्या. बाकी कोणाचंच पादत्राण बाहेर दिसत नव्हतं. दारात एक पांढऱ्या केसांची, किंचित वाकलेली बाई उभी होती. तिने आईचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि ती तिला आत घेऊन गेली. दार उघडंच राहिलं.

घरून निघताना आई म्हणाली होती, "जरा फिरून येते." गेले कित्येक रविवार ती हेच म्हणत होती.

इमारतीवर क्रूस नव्हता, घंटा नव्हती. दाराशेजारी एक लहानशी पाटी होती. क्वेकर मीटिंग, दर रविवारी सकाळी, सर्वांचं स्वागत. परेशला त्या 'सर्वांचं'मध्येच काहीतरी काळंबेरं वाटलं. या देशात कोणी कोणाला उगाच घरात घेत नाही, हे बारा वर्षांत तो शिकला होता.

हे सगळं त्याला कळलं ते मकरंदमुळे. मकरंद त्याचा पुण्यापासूनचा मित्र. टौरंगा या बंदराच्या शहरातल्या मराठी मंडळात गणपतीपासून क्रिकेटपर्यंत सगळ्यात पुढे. दोन दिवसांपूर्वी सुपरमार्केटमध्ये ट्रॉली आडवी घालून तो म्हणाला होता, "अरे, काकू त्या गोऱ्या म्हाताऱ्यांत कुठे बसल्या होत्या? मी गाडीतून पाहिलं. हातात कप होता."

"आई? चहा प्यायला गेली असेल कोणाकडे."

"बघ बाबा. आधी चहा पाजतात, मग पुस्तक देतात, मग एक दिवस पाण्यात डुबकी. हिल्सबरोला आम्ही राहायचो तेव्हा शेजाऱ्यांच्या सासूबाईंचं असंच झालं. परत पुण्याला गेल्या त्या गळ्यात क्रूस घालून."

परेश तेव्हा हसला होता. आता कुंपणाआड बसून तो आतला आवाज टिपायचा प्रयत्न करत होता. गाणं नाही, पेटी नाही, प्रवचन नाही. काहीतरी ऐकू आलं असतं तर बरं झालं असतं. बऱ्याच वेळाने कपबशांचा आवाज आला आणि त्यात आईचं हसणं मिसळलेलं होतं. ते हसणं त्याने ओळखलं, आणि घरात ते शेवटचं कधी ऐकलं होतं हे त्याला आठवेना. त्याने गाडी सुरू केली आणि तिच्या आधी घरी पोचला.

दुपारी आई ओट्याशी कोथिंबीर निवडत होती तेव्हा त्याने विषय काढला.

"आई, सकाळी कुठे गेली होतीस?"

"सांगितलं ना. फिरायला."

"त्या लाकडी हॉलमध्ये?"

निवडणारा हात थांबला नाही. "तिथेही."

"काय करतात तिथे?"

"बसतात."

"बसतात म्हणजे? भजन, प्रवचन, काही असेल ना?"

"काही नाही. गोल करून बसतात. गप्प. मग चहा देतात. चहा काही खास नसतो."

"आणि तुझ्याशी काय बोलतात?"

"काय बोलणार? त्यांचं मला कळत नाही, माझं त्यांना. 'किया ओरा' म्हणतात. मी नमस्कार करते."

"मग फिरायला जाते असं का सांगायचं?"

"तू असं विचारशील म्हणून." आईने देठांची जुडी बाजूला सारली आणि नळ सोडला.

त्याची बायको उत्तरा डायनिंग टेबलाशी औषधांच्या दुकानाचं पुढच्या आठवड्याचं ड्यूटीचं वेळापत्रक बघत होती. ती म्हणाली, "जाऊ दे ना त्यांना. इथे त्यांना दुसरं काय आहे?"

"तुला माहीत होतं?"

उत्तरा काही बोलायच्या आत ओवीने सोफ्यावरून मान वर केली. ती दहा वर्षांची, मराठी सगळं कळायचं पण उत्तर इंग्रजीतून. "आजी गोज टू द क्वाएट पीपल, बाबा. एव्हरीबडी नोज."

घरातली एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना माहीत असावी आणि फक्त आपल्याला नसावी, याचा परेशला त्या हॉलपेक्षाही जास्त राग आला.

आई वामकुक्षीला गेल्यावर त्याने खुंटीवरची तिची कापडी पिशवी उतरवली. चष्म्याचं घर, धुतलेला रुमाल, खडीसाखरेची डबी, घडी केलेली प्लास्टिकची पिशवी. पत्रक नाही, पुस्तक नाही. त्याने आतला कप्पाही चाचपला.

"काय शोधतोयस?" उत्तरा दारात उभी होती.

"काही नाही."

"सापडलं?"

त्याने पिशवी परत अडकवली.

संध्याकाळी त्याने लॅपटॉपवर क्वेकरांविषयी वाचून काढलं. ख्रिस्ती धर्मातलाच एक पंथ. पुरोहित नाही. मूर्ती नाही, वेदी नाही. पाण्यात डुबकीही नाही. कोणी वरिष्ठ नाही, कोणी कनिष्ठ नाही. एकमेकांना 'मित्र' म्हणतात. शस्त्र धरत नाहीत, शपथ घेत नाहीत. जितकं वाचावं तितका त्याचा संशय वाढत गेला. परेश बंदरातल्या कंटेनरांची संगणकप्रणाली सांभाळायचा. ज्या कंटेनरच्या कागदपत्रांत एकही चूक नसते तोच उघडून बघावा, असं तिथले जुने लोक म्हणत. इतके निरुपद्रवी लोक एका बहात्तर वर्षांच्या बाईला, जिची भाषा त्यांना येत नाही, दर रविवारी बोलावून घेतात ते कशासाठी?

त्या आठवड्यात एकदा जेवताना आई मध्येच म्हणाली, "त्या दिवशी ना, तो अँब्युलन्सवाला पोरगा मला म्हणाला, आजी, तुम्ही मागे बसू नका—"

"आई, उद्या तुझी डोळ्यांची अपॉइंटमेंट आहे, लक्षात आहे ना?" परेश म्हणाला. "सकाळी आवरून ठेव. मी ऑफिसला उशिरा जाईन."

"हो. आहे लक्षात."

तो पाणी आणायला उठला. बाटली भरलेलीच होती, तरी त्याने ती नळाखाली धरली.

त्याचे वडील, नारायणराव, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत पुण्यात गेले. इथून विमानं बंद होती, तिथून येणाऱ्यांना इथली दारंही बंद. आईने एकटीने त्यांना हॉस्पिटलमध्ये नेलं, एकटी घरी परतली. शेवटचे विधी परेशने फोनवर पाहिले. कोणीतरी अनोळखी माणसाने, पूर्ण झाकलेल्या अंगाने, फोन उंच धरला होता आणि तो मधूनमधून हलत होता. नंतर परेश रोज फोन करायचा. जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, लिफ्ट चालू आहे का. दरवाजे उघडल्यावर तो जाऊनही आला, आणि या वर्षाच्या सुरुवातीला तिचा फ्लॅट बंद करून तिला दीड वर्षाच्या मुक्कामाला घेऊन आला. तिच्या खोलीत हीटर लावला, टीव्हीवर मराठी चॅनेल आणले. त्या दिवसांविषयी मात्र दोघं कधी बोलले नव्हते. ती सुरुवात करायची आणि त्याला काहीतरी आठवायचं.

पुढच्या रविवारी आई पिशवी घेऊन निघाली तेव्हा परेश बूट घालून दाराशी उभा होता.

"मी पण येतो."

आईने त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्या बुटांकडे. "ये," ती म्हणाली.

दारातल्या पांढऱ्या केसांच्या बाईचं नाव मार्जोरी. नव्वदीच्या जवळ आलेली, पण हात पकडला की पकड जाणवायची.

"मी पॅरी," तो म्हणाला. ऑफिसात सगळे त्याला तसंच म्हणायचे. "मनोरमाचा मुलगा."

"म्हणजे तू तो," मार्जोरी म्हणाली आणि बाजूला झाली.

आत साध्या लाकडी खुर्च्या गोल मांडल्या होत्या. मध्ये एका बुटक्या टेबलावर काचेच्या बरणीत बागेतली फुलं. आठ-दहा माणसं, बहुतेक सत्तरीपुढची, एक मधल्या वयाची माओरी बाई, एक पाय मोडलेला तरुण शिक्षक. परेशने दाराजवळची खुर्ची घेतली, जिथून सगळे दिसत होते. आई खिडकीपाशी बसली. ती जागा तिचीच असावी, कारण तिथे आधीच एक पातळ उशी ठेवलेली होती.

मग काहीच झालं नाही. कोणीतरी खाकरलं. पत्र्यावर एखादा पक्षी चालल्याचा आवाज आला. लोकांनी डोळे मिटले, काही जण फुलांकडे बघत राहिले. परेशने डोळे उघडे ठेवले होते. आई हात मांडीवर ठेवून ताठ बसली होती. तिने एकदाही त्याच्याकडे पाहिलं नाही. हे सगळे आपल्यासाठी नाटक करताहेत असं त्याला वाटलं. आपण नसताना इथे वेगळं काहीतरी चालतं. शेवटी मार्जोरीने शेजारच्या माणसाशी हात मिळवला, मग सगळ्यांनी एकमेकांशी हात मिळवले आणि किटली ठेवली गेली.

चहाच्या वेळी धर्माविषयी कोणी विचारलं तर काय उत्तर द्यायचं, हे त्याने तयार करून ठेवलं होतं. कोणी विचारलंच नाही. ग्रॅहम नावाच्या एका म्हाताऱ्याने पुलावरच्या ट्रॅफिकविषयी तक्रार केली, पूर्वी इथून बंदरापर्यंत एका गाडीमागे दुसरी दिसायची नाही म्हणाला, आणि स्वतःच्या बागेतली लिंबं त्याच्या हातात दिली. परेशने ती घेतली आणि गाडीत मागच्या सीटवर टाकली.

परतताना आईने विचारलं, "पुढच्या रविवारी येणारेस?"

"येईन म्हणतो."

"बरं," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

त्यानंतरच्या रविवारी ग्रॅहम मध्येच उभा राहिला. त्याच्या भावाला आता माणसं ओळखू येत नाहीत, काल त्याने आपल्याकडेच आपली चौकशी केली, असं काहीसं तो दोन-तीन वाक्यांत म्हणाला आणि खाली बसला. कोणी उत्तर दिलं नाही. कोणी त्याच्या खांद्यावर हातही ठेवला नाही. परेशला हे चमत्कारिक वाटलं. म्हणजे इथे कोणीही उठून बोलू शकतं तर.

थोड्या वेळाने त्याला दिसलं की आई खुर्चीच्या कडेवर सरकली आहे. तिचे दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर घट्ट होते, उठताना ती ठेवते तसे. तिने मान वळवून, त्या खोलीत पहिल्यांदाच, सरळ त्याच्याकडे पाहिलं. मग हात सैल केले आणि मागे टेकून बसली.

कोणीतरी तिला खूण केली असणार, परेशच्या मनात आलं. त्याने एकेकाचा चेहरा तपासला. सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. फक्त मार्जोरीचे उघडे होते आणि ती जमिनीकडे बघत होती.

डिसेंबर लागला, इथला उन्हाळा. रस्त्याकडेची पोहुतुकावाची झाडं फुलांनी लालभडक झाली. तिसऱ्या रविवारी कोणीच काही बोललं नाही. उठल्यावर परेश सरळ मागच्या छोट्या स्वयंपाकघरात गेला. मार्जोरी तिथे एकटी कप विसळत होती. बाहेर, पायऱ्यांच्या बाजूला, ग्रॅहम त्याच्या आईला कसलंसं रोप दाखवत होता.

"मी स्पष्टच विचारतो," तो म्हणाला. "तुम्हाला माझ्या आईकडून काय हवंय?"

मार्जोरीने खुंटीवरचं फडकं काढून त्याच्याकडे दिलं. "हे पूस. मला जड कप धरवत नाहीत."

त्याने फडकं घेतलं.

"काही नको," ती म्हणाली. "ती एप्रिलमध्ये आली, इथल्या शरदात. कुंपणाबाहेर पडलेली फेजोआची फळं वेचत होती. मी बाहेर आले तर घाबरली, पिशवी रिकामी करायला लागली. मी तिला आत बोलावलं. बस, एवढंच." मग ती म्हणाली, "तू आमच्यावर लक्ष ठेवायला येतोस. त्यात लाजण्यासारखं काही नाही. तू पहिला नाहीस."

परेश कप पुसत राहिला.

"यंदा या मीटिंगला ऐंशीहून जास्त वर्षं झाली, त्याचे समारंभ चालू आहेत, म्हणून सगळे मला जुनं काही विचारत असतात," ती म्हणाली. "आता सुरुवातीपासूनची मी एकटीच उरलेय. ही मीटिंग आमच्या घरात सुरू झाली, बाहेरच्या खोलीत. तेव्हा हा हॉल नव्हता, किवीफ्रूट नव्हती, नुसत्या गाई. दुसरं महायुद्ध चालू होतं. माझ्या वडलांनी बंदूक धरायला नकार दिला, म्हणून त्यांना छावणीत टाकलं. तारेच्या आत. मी पाच वर्षांची होते. आई, आम्ही तिघी बहिणी आणि गाई. गावातली माणसं आईशी बोलेनाशी झाली. फाटकावर कोणीतरी काहीतरी लिहून गेलं होतं. ते पुसताना तिने आम्हाला वाचू दिलं नाही."

"मग?"

"मग गावाला वाटायला लागलं की दर रविवारी दहा माणसं एका घरात जमतात, पडदे ओढतात, गाणं नाही, प्रार्थना नाही, म्हणजे नक्कीच शत्रूचं काहीतरी चाललंय. त्यांनी वॉल्टरला पाठवलं. आमचा शेजारीच होता. त्याने येऊन बसायचं, ऐकायचं आणि जाऊन सांगायचं. पहिल्याच दिवशी सगळ्यांनी ओळखलं. तोही दाराजवळ बसला होता."

परेशने पुढचा कप घेतला.

"दार सगळ्यांना उघडं, हा आमचा नियम. तेव्हा त्या नियमाचा सगळ्यांनाच वैताग आला होता. वॉल्टर जाऊन सांगायचा की कोणी काही बोललं नाही. ते म्हणायचे, तू आहेस म्हणून बोलत नाहीत, पुन्हा जा. बिचारा आख्खा हिवाळा येत राहिला." ती हसली. "आणि गावाचं खरंच होतं. तो होता म्हणूनच कोणी बोलत नव्हतं."

"त्याला हाकललं नाही?"

"नाही. युद्ध संपल्यावर तो आपणहून परत आला. का आला, कोणी विचारलं नाही. ही इमारत पूर्वी लष्कराची झोपडी होती, माहितेय तुला? युद्धानंतर स्वस्तात विकायला काढल्या होत्या. आम्ही लढाई नको म्हणणारे, आणि बसतो लष्कराच्या लाकडात. ती ट्रकवर घालून वॉल्टरने आणली. हे पत्रे त्याने ठोकले. मरेपर्यंत तो आमच्यातला एक होता. चांगला माणूस होता. समारंभात मी ही गोष्ट सांगते तेव्हा लोकांना पत्र्यांचा भाग आवडतो. मी तिथेच थांबते."

"पुढे आणखी काही आहे का?"

मार्जोरीने नळ बंद केला. ओले हात तिने झटकले.

"वॉल्टर यायच्या आधी माझी आई मीटिंगमध्ये उभी राहून बोलायची. तिला राग होता. युद्धाचा नव्हे, माझ्या वडलांचा. त्यांनी सद्सद्विवेक सांभाळला आणि हिला गाई, पोरी आणि फाटक सांभाळायला ठेवलं, असं ती म्हणायची. ते बरोबरच वागले हे तिला पटत होतं. तरी राग होता. आमच्यासमोर हे बोलता यायचं नाही. पत्रात लिहिलं तर त्यांना तिथे सहन झालं नसतं. एवढी एकच जागा होती. वॉल्टर येऊन बसला आणि ती गप्प झाली. त्याच्यासमोर बोलली असती तर गावभर झालं असतं, बघा, त्याची बायकोच त्याला दोष देते."

"पण नंतर तो तुमच्यातलाच झाला ना?"

"हो. आईने त्याला दर रविवारी चहा दिला. त्याची बायको वारली तेव्हा महिनाभर त्याच्या घरी जेवण पाठवलं. पण तो खोलीत असताना ती पुन्हा कधी उभी राहिली नाही. वीस-बावीस वर्षं. आणि तो एकही रविवार चुकवायचा नाही."

बाहेर आईचा आवाज आला. ती ग्रॅहमला मराठीतच रोपाला पाणी किती घालायचं ते सांगत होती आणि तो "येस, येस" म्हणत होता.

"मनोरमाही बोलायची," मार्जोरी म्हणाली.

परेशने वर पाहिलं. "कुठे?"

"इथे, मीटिंगमध्ये. तुला माहीत नाही? हिवाळ्यापासून. जवळजवळ प्रत्येक रविवारी ती उठायची. कधी एखादंच वाक्य, कधी बरंच काही. एकदा इतकं बोलली की चहाला उशीर झाला. तिच्या भाषेत. आता तीन रविवार झाले, उठली नाही."

"काय बोलायची?"

"आम्हाला कसं कळणार?"

"कोणाला विचारलं नाहीत? तिला तरी?"

"त्या खोलीत जे बोललं जातं त्याबद्दल नंतर विचारत नाहीत." मार्जोरीने शेवटचा कप त्याच्यापुढे ठेवला. "राग असतो, एवढं कळतं. रडणंही असतं. एक शब्द मात्र पुन्हा पुन्हा येतो, म्हणून लक्षात राहिला. पा-रेश. आम्हाला वाटलं तुमच्या देवाचं नाव असावं. माणूस देवावरच इतका चिडतो ना."

तिने हे त्याच्याकडे न बघता म्हटलं. ती ओटा पुसत होती.

परेशने कप पुसला. बाहेरून पुसून झाल्यावर आतून पुसला. मग तो फळीवर बाकीच्या कपांच्या रांगेत ठेवला.

"हो," तो म्हणाला. "देवाचंच नाव आहे."

घरी जाताना पुलावर गाड्यांची रांग लागली होती. आईच्या मांडीवर ग्रॅहमने दिलेलं रोप होतं, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. परेशने एसी वाढवला, मग कमी केला.

"आई."

"हं?"

"मागे जेवताना तू काहीतरी सांगत होतीस. अँब्युलन्सवाल्या पोराचं."

आईने त्याच्याकडे पाहिलं. खूप दूरवरून ओळखीचा माणूस येताना दिसावा आणि तोच आहे का याची खात्री पटू नये, तसं ती बघत राहिली.

"कधी?"

"दोन-तीन आठवडे झाले. मी तुझ्या अपॉइंटमेंटचं काढलं तेव्हा."

"काही नाही रे. झालं ते." तिने रोपाची एक मोडकी काडी खुडली. "तू तरी काय करणार होतास?"

"तसं नाही, सांग ना. ऐकतो मी."

"माहितेय मला," ती हळूच म्हणाली. "ऐकशील. आणि मग महिनाभर झोपणार नाहीस. लहानपणापासून असाच आहेस तू." पुढची गाडी हलली. "चल, रांग सुटली बघ."

त्याने गाडी पुढे घेतली. डोळ्यांपुढचा रस्ता त्याला नीट दिसत नव्हता, म्हणून त्याने गॉगल चढवला.

मधल्या आठवड्यात मकरंदचा फोन आला. "काय रे, लागला का काही छडा? मंडळातले लोक विचारताहेत. म्हटलं, एकदा आपण चार जण जाऊन त्यांच्याशी बोलून येऊ."

"नको," परेश म्हणाला.

"अरे पण नक्की करतात काय ते लोक?"

"बसतात."

"बसतात म्हणजे?"

"तू येऊ नकोस तिकडे, मकरंद. मंडळातल्या कोणालाही येऊ देऊ नकोस. मराठी कळणाऱ्या कोणालाच."

"म्हणजे आहे काहीतरी," मकरंद म्हणाला.

परेशने फोन ठेवला.

रविवारी सकाळी त्यानेच गाडी काढली. ऊन कडक होतं. हॉलच्या सगळ्या खिडक्या वर सरकवलेल्या होत्या. त्याने गाडी दारासमोरच थांबवली. आई उतरली, पिशवी खांद्याला लावली आणि थांबून राहिली.

"तू येत नाहीस?"

"नको. ऑफिसचं थोडं काम आहे, इथेच बसून करतो. तुझं होऊ दे."

"इथे? उन्हात?"

"झाडाखाली लावतो गाडी."

आई क्षणभर गाडीच्या दाराला हात लावून उभी राहिली. काहीतरी विचारावं की विचारू नये असं तिच्या चेहऱ्यावर आलं आणि गेलं. मग ती पायऱ्या चढली, चपला काढल्या, आत गेली. दारातून मार्जोरीने त्याच्याकडे पाहिलं. तिने हात केला नाही, आत बोलावलंही नाही.

त्याने गाडी पोहुतुकावाखाली घेतली. लॅपटॉप उघडलाच नाही. खिडकीतून आईचा खांदा आणि अर्धा चेहरा दिसत होता. बराच वेळ कोणीच हललं नाही. लाल केसर बॉनेटवर गळत राहिले.

मग आईने दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले आणि ती उठली. पदर सारखा केला. ती गोलाकडे तोंड करून उभी होती, त्याच्याकडे तिची पाठ. पहिल्यांदा नुसता आवाज आला, शब्द नव्हते. मग हवेचा झोत इकडे वळला आणि आवाज स्पष्ट व्हायला लागला. एक शब्द त्याला कळला. त्यापुढचाही कळला असता.

परेशने बटण दाबून काच वर घेतली. ती पूर्ण लागेपर्यंत दाबून धरली, आणि बंद गाडीत, घामाने भिजत, तो आई खाली बसायची वाट बघत राहिला.